हिशेबाबाहेरचा संघ

८ ऑक्टोबर २०११ या दिवशी दक्षिण आफ्रिकेतील नेल्स्प्रुट शहरात एक फुटबॉल सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि यजमान खेळाडू मैदानावरच नाचू लागले. प्रेक्षकही नाचले. सिएरा लिओनविरुद्ध एक गुण मिळाला, आता आफ्रिका चषकाचे दार उघडले, असा सर्वांचा समज झाला होता. सामन्याच्या उत्तरार्धात तर संघ बरोबरीसाठीच खेळत होता. गटात तीन संघांचे गुण समान होणार आणि गोलफरकात आपण सरस ठरणार, असा त्यांच्या प्रशिक्षकांचा हिशेब होता.

हिशेब बरोबर होता, नियम मात्र वेगळा होता. गुण समान झाले तर आधी त्या संघांच्या आपसातल्या सामन्यांचे निकाल पाहायचे, गोलफरक नंतर, असे स्पर्धेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेले होते. त्यानुसार गटात पहिला आला तो नायजरचा संघ. त्याच दिवशी इजिप्तकडून तीन गोलांनी हरूनही नायजर पात्र ठरला आणि नाचणारा दक्षिण आफ्रिका घरी बसला. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ या म्हणीला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

मोठ्या स्पर्धेच्या आधी सगळीकडे असेच हिशेब मांडले जातात. युरोपचा चषक असो, दक्षिण अमेरिकेचा असो की आशियाचा. वर्तमानपत्रात तक्ते येतात, संघांना तारे दिले जातात, कोणाचे पारडे जड आणि कोणाचे हलके ते सांगितले जाते. कोलकात्याच्या रस्त्यांवर, केरळमधल्या खेड्यांत, गोव्याच्या बारमध्ये या तक्त्यांवरून वाद रंगतात. त्यातले बरेचसे अंदाज कोसळतात. मग पंडितांची टिंगल होते आणि पुढल्या स्पर्धेला तेच पंडित पुन्हा तक्ते मांडतात.

हे अंदाज नेमके कुठे चुकतात? की ते चुकतच नाहीत, वाचणारेच त्यांचा अर्थ चुकीचा लावतात? नेल्स्प्रुटच्या त्या नाचानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेली आफ्रिका चषक स्पर्धा या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार उपयोगी आहे.

मोठी घरे रिकामी

आफ्रिका चषकाची सुरुवात १९५७ साली सुदानच्या खार्टूम शहरात झाली. त्या वेळी स्पर्धेत अवघे तीन संघ होते: सुदान, इथिओपिया आणि इजिप्त. चौथा दक्षिण आफ्रिका यायचा होता. पण गोरे आणि काळे यांचा मिळून एक संघ पाठवायला तिथले वर्णद्वेषी सरकार तयार नव्हते, म्हणून त्याला वगळण्यात आले. २०१२ पर्यंत स्पर्धा सोळा संघांची झाली होती. (२०१९ पासून ती चोवीस संघांची झाली.)

या खंडाचा फुटबॉल भारतातल्या रसिकांना परका नाही. नायजेरियाच्या चिमा ओकोरीने कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडून खेळून १९८० आणि १९९० च्या दशकांत मैदान गाजवले होते. पुढे गोव्यात रँटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या त्याच्या देशबांधवांनी डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्सकडून गोलांचा पाऊस पाडला.

२०१२ ची स्पर्धा गॅबन आणि इक्वेटोरियल गिनी या दोन शेजारी देशांनी मिळून भरवली होती. पण तक्ते मांडणाऱ्यांना पहिला धक्का स्पर्धेच्या आधीच बसला. २००६, २००८ आणि २०१० असा सलग तीनदा चषक जिंकणारा इजिप्त पात्रता फेरीत आपल्या गटात चक्क तळाला राहिला. २०११ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली होती, देशच उलथापालथीतून जात होता. शिवाय विजेत्या पिढीचे वयही झाले होते. नायजेरियाने मायदेशी गिनीविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल खाऊन पात्रता घालवली. कॅमेरूनला सेनेगलने मागे टाकले. अल्जीरिया आणि दक्षिण आफ्रिकाही नव्हते. लग्नाला मोठी मंडळीच येऊ नयेत, तसा प्रकार झाला.

उलट नायजर, बोट्स्वाना आणि यजमान इक्वेटोरियल गिनी पहिल्यांदाच मुख्य स्पर्धेत उतरत होते. यादवी युद्धातून नुकताच बाहेर पडलेला लिबिया नव्या झेंड्याखाली खेळणार होता.

कागदावरचे पारडे

अशा परिस्थितीत तीन नावे बहुतेकांच्या यादीत वरच्या बाजूला होती: आयव्हरी कोस्ट, घाना आणि सेनेगल.

आयव्हरी कोस्टबद्दल तर दुमत नव्हतेच. आघाडीला चेल्सीचा दिदिए ड्रोग्बा, त्याच्या जोडीला त्याच क्लबचा सॉलोमन कालू आणि आर्सेनलचा जर्विन्यो. मधल्या फळीत मँचेस्टर सिटीचा याया तुरे, जो नुकताच आफ्रिकेचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. बचावात त्याचा थोरला भाऊ कोलो तुरे. आफ्रिकेत असा संघ क्वचितच जमतो, असे सगळे म्हणत. फक्त एक खोट होती. ही सोनेरी पिढी काही जिंकत नव्हती. २००६ च्या अंतिम सामन्यात ती इजिप्तकडून पेनल्टींवर हरली, तेव्हा ड्रोग्बाचाच फटका अडवला गेला होता. २००८ साली उपांत्य फेरीत इजिप्तने ४-१ असे धुतले. २०१० साली अल्जीरियाने उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवले. ड्रोग्बा तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. आता नाही तर कधी, असा प्रश्न त्या देशात घरोघर विचारला जात होता.

घानाचा दावाही पक्का होता. २०१० च्या विश्वचषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. उरुग्वेविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली नसती, तर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा तो आफ्रिकेचा पहिला संघ झाला असता. त्याच वर्षी आफ्रिका चषकातही तो उपविजेता होता.

तिसरा सेनेगल. या संघाची आघाडीची फळी पाहून बचावपटूंची झोप उडावी. डेम्बा बा इंग्लंडमध्ये न्यूकॅसलकडून गोल करत होता. जर्मनीत गोलांची रास लावणाऱ्या पापिस सिसेला त्याच क्लबने नुकतेच घेतले होते. मुसा सोव २०१०-११ च्या हंगामात फ्रेंच लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. एवढे नेमबाज एका संघात असल्यावर आणखी काय हवे?

यादीच्या मधोमध कुठेतरी

सेनेगलच्याच गटात झांबिया होता. बहुतेक तक्त्यांत त्याला एखाद-दुसरा तारा मिळाला होता. जागतिक क्रमवारीत हा संघ सत्तरीच्याही खाली होता. खेळाडूंपैकी इंग्लंड, स्पेन किंवा इटलीच्या मोठ्या क्लबात खेळणारा एकही नव्हता. गोलरक्षक केनेडी म्वीने दक्षिण आफ्रिकेतल्या एका साध्या क्लबाकडून खेळत होता, कर्णधार ख्रिस्तोफर काटोंगो चीनमध्ये, आघाडीचा तरुण इमॅन्युएल मायुका स्वित्झर्लंडमध्ये. बचावपटू स्टॉफिरा सुन्झू आणि रेनफोर्ड कलाबा काँगोच्या माझेंबे क्लबात होते, तर काही जण मायदेशीच खेळत होते. पात्रता मिळवून देणाऱ्या इटालियन प्रशिक्षकाला संघटनेने काढून टाकले होते आणि स्पर्धा तोंडावर आली असताना फ्रान्सच्या हर्वे रेनारला परत बोलावले होते.

‘परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रेनार यापूर्वी २००८ ते २०१० या काळात याच संघाचा प्रशिक्षक होता. २०१० च्या आफ्रिका चषकात त्याचा झांबिया उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथे नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी करून केवळ पेनल्टींवर हरला होता. २०१२ च्या संघात त्यातले बरेच खेळाडू होते. म्हणजे ही मुले एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होती, प्रशिक्षक त्यांना ओळखत होता, आणि बड्या संघाला दोन तास रोखून धरणे त्यांना जमले होते. हे सारे उघड होते. पण तक्त्यात क्लबांची नावे मांडायला रकाना असतो, ओळखीला नसतो.

लिब्रेव्हिलचा समुद्र

आणखी एक गोष्ट तक्त्यात मावणारी नव्हती.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये झांबियाने इटलीला ४-० असे हरवून जगाला चकित केले होते. चारांपैकी तीन गोल कालुशा ब्वाल्याने केले होते. त्या संघाभोवती उभी राहिलेली पिढी १९९४ च्या विश्वचषकाकडे डोळे लावून बसली होती. १९९३ च्या एप्रिलमध्ये मॉरिशसला हरवून हा संघ पात्रता सामन्यासाठी सेनेगलकडे निघाला. प्रवासी विमानाचे भाडे परवडत नसल्याने हवाई दलाचे जुने विमान दिले होते आणि वाटेत ठिकठिकाणी इंधन भरत जावे लागत होते. २७ एप्रिलच्या रात्री गॅबनची राजधानी लिब्रेव्हिल येथे इंधन भरून विमान उडाले आणि काही मिनिटांतच किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. अठरा खेळाडूंसह तीसच्या तीस जण गेले. एका इंजिनाला आग लागल्यावर वैमानिकाने गडबडीत दुसरे, चालू असलेले इंजिन बंद केले, असा निष्कर्ष पुढे दहा वर्षांनी आलेल्या अहवालात निघाला.

कालुशा त्या विमानात नव्हता. तो हॉलंडमध्ये खेळत होता आणि तिथून परस्पर सेनेगलला पोहोचणार होता. सगळे सोबती गेल्यावर त्याच्याभोवती नवा संघ उभा राहिला. वर्षभराच्या आत, एप्रिल १९९४ मध्ये, हा संघ आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिसऱ्याच मिनिटाला त्याने गोलही केला. पण नायजेरियाने २-१ असा सामना जिंकला.

अठरा वर्षांनी, २०१२ साली, कालुशा देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता. स्पर्धेचा कार्यक्रम असा लागला होता, की झांबियाचे गटातले सामने इक्वेटोरियल गिनीत होते. गटात पहिले आले तर उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामनेही तिथेच. अंतिम सामना मात्र लिब्रेव्हिलला. म्हणजे आपली माणसे जिथे बुडाली त्या किनाऱ्यावर खेळायला जायचे, तर अंतिम फेरी गाठावी लागणार होती.

नाव मोठे, लक्षण खोटे

२१ जानेवारीला पहिल्याच दिवशी सेनेगल आणि झांबिया समोरासमोर आले. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच मायुका आणि कलाबा यांनी एकेक गोल केला. सेनेगलच्या नेमबाजांना एकच गोल फेडता आला. पुढच्या सामन्यात नवख्या इक्वेटोरियल गिनीने सेनेगलला २-१ असेच हरवले, त्यापुढच्यात लिबियानेही २-१. तीन सामने, तीन पराभव! जगभर गोल करणारे पाच-सहा नेमबाज असले, तरी त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवायला आणि आपले दार राखायला इतर माणसे लागतात. घरात पाच गवई असून तबलजी नसेल, तर मैफल कशी व्हायची?

झांबियाने लिबियाशी २-२ बरोबरी केली, यजमानांना काटोंगोच्या एकमेव गोलावर हरवले आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. उपांत्यपूर्व सामन्यात सुदानचा ३-० असा फडशा पाडला. उपांत्य फेरीत समोर होता घाना.

सामना सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती, तोच घानाला पेनल्टी मिळाली. चेंडूवर उभा राहिला असामोआ ग्यान, दीड वर्षापूर्वी सगळ्या आफ्रिकेच्या आशा ज्याच्या पायावर होत्या तोच. म्वीनेने झेप घेऊन फटका अडवला. नंतर घानाचे आक्रमण सुरूच राहिले. पण ७८ व्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून आलेल्या मायुकाने वळून मारलेला चेंडू खांबाला लागून आत गेला. झांबिया १, घाना ०. ग्यानवर मायदेशी एवढी टीका झाली, की त्याने काही काळ राष्ट्रीय संघातून विश्रांती घेतली.

दुसऱ्या बाजूने आयव्हरी कोस्ट मात्र पंडितांच्या शब्दाला जागत होता. सुदानला १-०, बुर्किना फासोला २-०, अंगोलाला २-०, इक्वेटोरियल गिनीला ३-० आणि उपांत्य फेरीत मालीला १-० असे त्याने हरवले. पाच सामन्यांत नऊ गोल केले आणि एकही गोल घेतला नाही.

१२ फेब्रुवारी २०१२

अंतिम सामन्यापूर्वी झांबियाचा संघ लिब्रेव्हिलच्या किनाऱ्यावर गेला. कालुशा बरोबर होता. सर्वांनी समुद्रात फुले वाहिली. १९९३ साली यातले बरेच खेळाडू शाळेतही जात नव्हते.

ओझे फक्त त्यांच्याच खांद्यावर होते असे मात्र नाही. आयव्हरी कोस्टनेही थोडे सोसलेले नव्हते. तो देश २००२ पासून यादवीत होरपळला होता. २००५ साली विश्वचषकाची पात्रता मिळाल्यावर ड्रोग्बा आणि त्याचे सहकारी ड्रेसिंग रूममध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून बसले होते आणि शस्त्रे खाली ठेवा अशी विनवणी त्यांनी देशबांधवांना केली होती. २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर तिथे पुन्हा रक्त सांडले होते. त्या देशालाही हा चषक नुसत्या शोभेसाठी नको होता.

सामना सुरू झाला आणि दहा-बारा मिनिटांतच झांबियाचा डावा बचावपटू जोसेफ मुसोंडा जखमी होऊन रडत बाहेर गेला. तरीही संघ डगमगला नाही. ७० व्या मिनिटाला जर्विन्योला पाडल्याबद्दल आयव्हरी कोस्टला पेनल्टी मिळाली. ड्रोग्बा पुढे आला. सगळ्या स्पर्धेचा निकाल त्या एका फटक्यावर लागणार असे वाटत असताना चेंडू आडव्या खांबावरून उंच निघून गेला. जादा वेळेत काटोंगोचा फटका खांबाला लागून परतला. १२० मिनिटे झाली आणि फलक ०-० असाच राहिला.

पेनल्टी सुरू झाल्या. सीमारेषेवर झांबियाचे खेळाडू आणि मार्गदर्शक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होते. दोन्ही बाजूंचे पहिले सात-सात फटके आत गेले. ड्रोग्बानेही या वेळी चूक केली नाही. झांबियाचा पाचवा फटका घ्यायला तर खुद्द गोलरक्षक म्वीने आला आणि त्याने गोल केला. आठव्या फटक्याला कोलो तुरेला म्वीनेने अडवले. आता कलाबाने गोल केला की चषक झांबियाचा. पण त्याने चेंडू वरून मारला. नवव्याला जर्विन्योने तेच केले. मग सुन्झू आला. तो गाणे गुणगुणतच चेंडूपर्यंत चालत गेला, आणि त्याने गोल केला. झांबिया ८, आयव्हरी कोस्ट ७.

गर्दी मैदानात धावली. रेनार मात्र कडेला गेला. तिथे दुखऱ्या पायाने बसलेल्या मुसोंडाला त्याने लहान मुलासारखे दोन्ही हातांवर उचलले आणि जिथे सगळा संघ नाचत होता तिथे नेऊन ठेवले.

मग पंडित चुकले का?

दुसऱ्या दिवशी जगभर मथळे झळकले, की सर्व अंदाज धुळीला मिळाले. पण हे खरे आहे का? आयव्हरी कोस्ट सहा सामने खेळला. त्यात त्याने एकही सामना निर्धारित किंवा जादा वेळेत गमावला नाही, एकही गोल घेतला नाही. तो सर्वांत बलाढ्य संघ आहे हे पंडितांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. फक्त चषक त्याला मिळाला नाही.

इथे थोडे गणित करून पाहावे. समजा, एखादा संघ इतका सरस आहे, की कोणत्याही बाद सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे. ही शक्यता फार मोठी म्हणायची. पण उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तीन सामने लागोपाठ जिंकायचे, तर शक्यता सत्तर राहत नाही. दोन सामन्यांनंतर ती एकोणपन्नास होते आणि तिसऱ्यानंतर चौतीस. म्हणजे सर्वांत प्रबळ दावेदार चषक जिंकण्यापेक्षा न जिंकण्याचीच शक्यता जवळपास दुप्पट! लीग स्पर्धेत अडतीस सामने असतात, एखादा दिवस वाईट गेला तरी भरून काढता येतो. चषकात वाईट दिवसाला दुसरा दिवस नसतो. ‘अमुक संघ संभाव्य विजेता’ याचा अर्थ ‘इतर कोणाहीपेक्षा याची शक्यता जास्त’ एवढाच. तो जिंकणारच, हा अर्थ वाचणारा आपल्या मनाने जोडतो.

दुसरी बाजूही पाहायला हवी. झांबिया जिंकला तो किनाऱ्यावरच्या फुलांमुळे, असे म्हणणे मनाला गोड वाटते. पण दुःख गोल करत नाही. तसे असते तर १९९४ साली, जखम ओली असताना, चषक झांबियालाच मिळाला असता. शिवाय पुढल्याच वर्षी, २०१३ च्या स्पर्धेत, हाच संघ तीन बरोबऱ्या करून गटातूनच बाहेर पडला. लिब्रेव्हिलने त्या मुलांना धावण्याचे कारण दिले, असे फार तर म्हणता येईल. धावायचे कसे, ते त्यांनी चार वर्षे एकत्र खेळून शिकलेले होते.

पुढच्या तक्त्यापूर्वी

तेव्हा यापुढे कोणत्याही खंडाच्या स्पर्धेआधी तक्ता समोर आला, की चार प्रश्न विचारून पाहावेत. हे खेळाडू किती काळ एकत्र खेळत आहेत? गोलरक्षक कसा आहे? (चषकात तो अर्धा संघ असतो.) गेल्या स्पर्धेत हा संघ कोणाकडून आणि कसा हरला, लोळवला गेला, की थोडक्यात हुकला? आणि प्रशिक्षक नवखा आहे, की या मुलांना ओळखणारा? चारही उत्तरे चांगली असलेला आणि तरी यादीच्या मधोमध अडकलेला संघ दिसला, तर त्याच्यावर नजर ठेवावी. पैज लावू नये, नजर ठेवावी.

आयव्हरी कोस्टचे पुढे काय झाले? ड्रोग्बाने तीनच महिन्यांनी, मे २०१२ मध्ये, चेल्सीला युरोपचा क्लब चषक जिंकून दिला आणि निर्णायक पेनल्टी त्याचीच होती. देशासाठी मात्र आफ्रिका चषक त्याला कधीच मिळाला नाही. २०१४ साली तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्या देशाने प्रशिक्षक म्हणून नेमला तो हर्वे रेनारलाच! २०१५ साली त्याच्या हाताखाली आयव्हरी कोस्ट घानाविरुद्ध पेनल्टींवर ९-८ असा जिंकला. शेवटचा गोल गोलरक्षक बॅरीने केला, लिब्रेव्हिलला हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाने.

आणि २०२४ च्या जानेवारीत तर कमाल झाली. मायदेशात खेळणारा आयव्हरी कोस्ट इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा हरला. प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली. संघटनेने रेनारला काही दिवसांपुरते उसने मागितले. तो तेव्हा फ्रान्सच्या महिला संघाकडे होता आणि फ्रान्सने नकार दिला. मग सहायक एमर्स फाए याच्यावर जबाबदारी पडली. पण पुढची फेरी मिळणार की नाही हेच ठरलेले नव्हते. ते दुसऱ्या गटातल्या एका सामन्यावर अवलंबून होते. मोरोक्कोने तो सामना १-० असा जिंकला आणि आयव्हरी कोस्ट वाचला. मग एकेक सामना करत त्याने चषकच जिंकला. अंतिम सामन्यातला विजयी गोल कर्करोगातून बरा झालेल्या सेबास्तियन हालेरने केला.

मोरोक्कोने त्या सामन्यात ज्याला हरवले, तो संघ होता झांबिया. बारा वर्षांपूर्वी आयव्हरी कोस्टच्या हातचा चषक ज्याने नेला, त्याच्याच पराभवाने आयव्हरी कोस्टचे दार उघडले. स्पर्धेपूर्वीच्या कोणत्याही तक्त्यात हा हिशेब मांडलेला नव्हता.